तुझ्या वाटणीचं बोलणं

३ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या साधाच नमस्कार.

तू म्हणशील, बोक्याला पत्रं लिहायचं खूळ कुठून लागलं. मेल केली असती, पण मेल तू ‘नंतर वाचू’ म्हणून पुढे ढकलतेस. पाकीट आलं की फोडावंच लागतं. मी टॅबवर एका बोटाने टाइप करतो, खालचे झेरॉक्सवाले काका छापतात, चिकटवतात आणि पेटीत टाकतात. आईच्या हाती काही लागत नाही. दीड वर्ष तुम्ही दोघी एकमेकींचं नाव घेत नाही, म्हणून मीही मुक्याने बसायचं का? तसाही मी अर्धा मुकाच आहे.

परवा मुलांच्या हॉस्पिटलातला माझा शेवटचा दिवस झाला. अठरा पूर्ण झाली की तिथे घेत नाहीत. मी दाढी करून गेलो होतो, आईने गालावर दोन ठिकाणी कापलंय. नर्सबाईंनी जाताना फुगा दिला. दाढी केलेला घोडा हातात फुगा घेऊन भिंतीवर रंगवलेल्या माशांपुढे बसलाय, असा फोटो निघाला आहे.

डॉक्टरबाईंनी नेहमीसारखं विचारलं, “कसा आहेस रे राजा?” मी म्हटलं, “मस्त!” सगळे हसले. आणि मग अजूनही सवयीने सगळे माझ्या खुर्चीच्या मागे बघायला लागले, जिथे तू उभी असायचीस.

आपलं ठरलेलंच होतं ना. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी वर्षभर घासून घेतलेला तो एकच शब्द माझ्या तोंडून स्वच्छ निघतो. मी मस्त म्हणायचं, डॉक्टरबाईंनी टाळी द्यायची आणि तू मागून म्हणायचीस, “थापा मारतोय. पाय आखडला की बोंबलतो. पट्टी बांधू देत नाही. परवा मला चावला.” मग खरी तपासणी सुरू व्हायची. तू गेल्यापासून मागे आई असते. ती हॉस्पिटलात कधीच काही बोलत नाही, भिंतीवरचे मासे बघत बसते.

पण डॉक्टरबाईंना सांगावं लागत नाही. त्यांनी टेबल खाली घेतलं, मोजे काढले, माझी मूठ हातात घेऊन एकेक बोट उलगडलं. हाताला आणि पायाला आखडलेले स्नायू सैल करायची इंजेक्शनं दिली. त्यांच्या जोरावर उजव्या हाताचं एक बोट सरळ राहतं आणि त्या बोटावर माझा सगळा संसार आहे, हे पत्रसुद्धा. चार महिन्यांनी पुन्हा द्यायची, पण ती आता मोठ्यांच्या हॉस्पिटलात.

“चिठ्ठी दिलीय,” म्हणाल्या. “पण तिकडे तुला बोलावं लागेल हं राजा.” हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फुग्याची दोरी सोडवत होत्या.

पत्राच्या शेवटी थोरांना नमस्कार सांगायचा असतो. आपल्या घरात थोर एकच उरली आहे आणि तिला तू सांगणार नाहीस. राहू दे.

मी मस्त.

तुझा बोक्या


२२ एप्रिल

ताई,

मोठ्यांचं हॉस्पिटल बघून आलो. भिंतीवर मासे नाहीत. सिगारेटने काळं पडलेलं फुफ्फुस आहे, चांगलं दारभर मोठं. बाकावर सगळी मोठी माणसं खोकत बसलेली. एका आजोबांनी मला विचारलं, “बाळ, तू चुकून इकडे आलास का?” तोंड उघडून उत्तर देईपर्यंत त्यांचा नंबर लागला.

आता मुख्य बातमी. डॉक्टर मला ‘तुम्ही’ म्हणाले! “या, बसा,” म्हणाले, मग मी बसलेलाच आहे हे बघून ओशाळले. आईला म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर थांबा. हे आता सज्ञान आहेत, त्यांचं ते बोलतील.” आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अठरा वर्षांत मला कुणी तुम्ही म्हटलेलं नव्हतं. शेजारच्या काकू तर अजून माझ्याशी आईमार्फत बोलतात, “हा काय खाणार?” म्हणून विचारतात. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःला अहोजाहो करत होतो.

तपासणी छान झाली. काळजी करू नकोस.

तुमचा बोक्याराव


११ जून

ताई,

मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं आता सांगतो, कारण ते माझ्याच गळ्याशी आलं आहे.

तिथलं वजन करायचं यंत्र उभं राहणाऱ्या माणसांचं आहे. नर्सने आईला विचारलं, “अंदाजे किती असेल?” आईने अंदाज सांगितला, तो लिहिला. तपासायचं टेबल उंच आहे आणि खाली येत नाही. डॉक्टरांनी टेबलाकडे बघितलं, मग आईकडे. आईने माझ्या काखेत हात घातले, मला अर्धवट उचललं आणि तिच्या तोंडून एक आवाज आला, तो मी घरीही कधी ऐकलेला नव्हता. तिने मला परत खुर्चीत सोडलं. डॉक्टर म्हणाले, “राहू दे, खुर्चीतच बघू.” खुर्चीत काय दिसणार? मोजे पायात, हातावर शर्टाची बाही. मूठ त्यांनी बघितली, उलगडून नाही बघितली.

मग आईला बाहेर पाठवलं. टॅबची पिशवी तिच्या खांद्यावर होती, ती तिच्याबरोबर गेली. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “काय, कसे आहात तुम्ही?”

ताई, त्या एका ‘तुम्ही’ने मी विरघळलो गं. वाटलं, याला आपण जाणते वाटायला हवं. आणि तोंडातून आपसूक निघालं, “मस्त!” स्वच्छ. बोलायला शिकवणाऱ्या बाई असत्या तर पेढे वाटले असते. मग सवयीने मी थांबलो. तू बोलशील म्हणून थांबलो. खुर्चीमागे कुणीच नव्हतं.

“उत्तम!” डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला, बिचाऱ्यांना. मी पुढचं सांगायचा प्रयत्न केला, माझ्या घशातून नेहमीचं दळण निघालं, ते मान डोलवत राहिले. हसून मान डोलवणाऱ्या माणसाला काही कळत नसतं, हे तूच मला शिकवलं होतंस. आईला आत बोलावून विचारलं, “तुमची काही तक्रार?”

“तो काय म्हणाला?”

“मस्त म्हणाले.”

“मग तेच,” आई म्हणाली.

तिच्यावर चिडू नकोस. तिच्या डोक्यात अजून खुब्याचं ऑपरेशन आहे. तक्रार केली की ऑपरेशन, हे तिचं गणित. मी तेव्हा कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये होतो आणि तू मला गोष्टी सांगायचीस, पण आई जिन्यात जाऊन बसायची. मी बरा आहे असं कुणी म्हटलं की तिला ते धरून ठेवावंसं वाटतं, मग म्हणणारा मीच का असेना.

घरी आल्यावर आम्ही दोघं इंजेक्शनच्या तारखेची वाट बघत बसलो. मुलांच्या हॉस्पिटलातून तारीख आपोआप यायची. आपण ती कधी मागितली नव्हती, मागायची असते हेच आपल्याला माहीत नव्हतं. शेवटी काकांनी फोन करून विचारलं. तिकडच्या बाई म्हणाल्या, पेशंटची तक्रार नाही, गरज वाटल्यास यावे असं लिहिलंय, यादीतून नाव काढलंय. आता परत यायचं तर नवी चिठ्ठी आणि नवा नंबर.

एका शब्दाने माझं नाव काढलं. अठरा वर्षांत तेवढा एकच धड शिकलो होतो.

बोट अजून चालतंय. थोडं आत वळतं, पण चालतंय.

तुझा बोक्या


३० जुलै

ताई,

तुझं पत्र काकांच्या दुकानात आलं. चार ओळी, त्यातली एक माझ्या बोटाबद्दल आणि तीन आईबद्दल. ‘आई काय करतेय मग?’ असं विचारलंयस. बरं, सांगतो.

आई सकाळी मला उठवते, म्हणजे उचलते. संडासात बसवते, धुते, उचलते. अंघोळ, पुन्हा उचलते. मग शिवणाच्या मशीनवर बसते आणि मध्येच उठून माझी कूस बदलते. तू होतीस तेव्हा तू पाय धरायचीस आणि ती खांदे. आता पाय जमिनीवर घासत येतात. मला उचलताना ती श्वास धरते, खाली ठेवला की सोडते. हॉस्पिटलात ऐकलेला तो आवाज आता रोज येतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, “कंबर धरून का चालता?” तर म्हणते, “मला काय धाड भरलीय!” सगळ्यांना हेच सांगते. काकूंना, काकांना, मला.

तू गेलीस ते बरोबर केलंस. हे मी तेव्हाही म्हणत होतो, पण भांडणात माझं बोलणं कुणाला ऐकू येतं? तुला नोकरी लागली होती आणि आईला वाटत होतं, दोन हातांपैकी एक हात कुणी तोडून नेतंय. ती म्हणाली, “गेलीस तर या घराचं नाव घेऊ नकोस.” आणि तू इतकी शहाणी की शब्दाला जागलीस. तुम्ही दोघी एकाच मातीच्या.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. आईने कानाला धरला. मी आवाज काढला तसं त्यांनी ओळखलं. “राजा, पट्टी बांधतोस ना? बोट?” मग म्हणाल्या, “मला आता तुला हात लावता येत नाही रे. नियम आहे. मी तिकडे परत लिहिते.” त्यांच्या मागे कुठलं तरी पोर रडत होतं. मला त्या पोराचा इतका राग आला, ताई. त्याच्या वाट्याला अजून कितीतरी वर्षं मासे आहेत.

त्यांनी लिहिलं. नोव्हेंबरातली तारीख मिळाली आहे. तोवर बोटाने दम धरला पाहिजे. पट्टी आई बांधते, पण बोट वळतं तिथे ती जोर लावत नाही, मी ओरडतो म्हणून. तू जोर लावायचीस. मी शिव्या द्यायचो, तू हसायचीस आणि जोर लावायचीस.

खरं सांगू? मला भीती वाटते. बोट गेलं तर मला कुणाशीच बोलता येणार नाही. आईशी बोलता येतं, पण आई जे ऐकते ते तिच्या सोयीने ऐकते.

बोक्या


८ सप्टेंबर

ताई,

थोडंच लिहितो. एक ओळ टाइप करायला सकाळ जाते. बोटाचं पेर पडतं, टोक पडत नाही. एक अक्षर हवं असतं, दोन उमटतात.

फोनला बोलून लिहायला सांगून पाहिलं. त्याने जे लिहिलं ते काकांनी मोठ्याने वाचलं. आई हसली. खूप दिवसांनी.

मी नवा शब्द शिकतोय. दुखतंय. नोव्हेंबरसाठी. ‘ख’ घशात अडकतो. आईला म्हटलं रोज माझ्याकडून घोकून घे. ती म्हणाली, “असलं अभद्र रोज काय बोलायचं? बरं बोलावं माणसाने.” मी ऐकलं नाही. आता ती मशीन चालवते आणि मी दुखतंय दुखतंय म्हणत बसतो. ती मशीन जोरात चालवते.

काल मात्र तिने मशीन थांबवली. म्हणाली, “आता कळलं हं.” म्हणजे शब्द कळला.

कमरेला पट्टा लावते आता. मला दिसू नये म्हणून साडीच्या आत.

बोक्या


१९ नोव्हेंबर

ताई,

अक्षर बघून दचकू नकोस. हे आईचं आहे. मी सांगतोय आणि ती लिहितेय. तिला बजावलंय, मी जसं बोलतो तसंच लिहायचं, गुळमुळीत करायचं नाही. तिला कळलं नाही तर मी पुन्हा सांगतो, पुन्हा नाही कळलं तर पुन्हा. सकाळी बसलो, आता दिवे लागले आहेत. मध्ये ती एकदा उठून गेली आणि तोंड धुऊन आली. हेही लिही म्हटलं. लिहिलं तिने.

काल तारीख होती. या खेपेला डॉक्टर वेगळ्या होत्या, तरुण बाई, झोप न झालेल्या. टेबल तेच, उंच. त्यांनी टेबलाकडे बघितलं, आईच्या कमरेकडे बघितलं आणि सरळ माझ्यापुढे जमिनीवर मांडी घातली. “आईंना थांबू दे का बाहेर जाऊ दे?” हे त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली, थांबू दे.

“कसे आहात?”

ताई, माझे ओठ ‘म’साठी आपोआप मिटले. खरंच सांगतो. इतकी वर्षं ते तसेच मिटत आले आहेत. मी ते मिटलेलेच ठेवले. बाई थांबल्या. घशात ‘ख’ अडकला. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, बाई म्हणाल्या, “थांबा जरा.” आई माझ्या मागे, तुझ्या जागी उभी होती. तिला माझा शब्द माहीत होता आणि ती तो माझ्या आधी बोलली नाही. खुर्चीची दांडी तिने इतकी घट्ट धरली होती की खुर्ची हलत होती.

“दुखतंय,” मी म्हटलं.

“कुठे?” बाईंनी विचारलं.

आता आली का पंचाईत! पुढचा शब्द आम्ही घोकलाच नव्हता. दोन महिने एका शब्दावर काढले आणि समोरचा माणूस पुढे काही विचारेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी तोंड उघडून बसलो. आणि मग मागून आई बोलायला लागली.

“पाय आखडला की बोंबलतो. पट्टी बांधू देत नाही. खुब्यात कळ येते तेव्हा ओठ चावतो, मला कळू नये म्हणून, पण मला कळतं. बोट मेपर्यंत सरळ होतं. ते गेलं तेव्हापासून हा हसत नाही.” ती थांबेचना. तुझेच शब्द गं, तुझ्याच चालीवर. इतकी वर्षं मासे बघत बसली होती, पण कान तुझ्याकडे होते.

बाईंनी माझी मूठ हातात घेतली. अंगठा उघडला, करंगळी उघडली. ते बोट उघडेना. त्यांनी हळूच बघितलं, मग जोर लावून बघितलं, मी ओरडलो, तरी नाही. इंजेक्शनं देऊ म्हणाल्या, पुढच्या महिन्यात, तारीख हातात लिहून दिली. मग खाली बघत म्हणाल्या, “पण स्नायू आखूड झालाय. पूर्वीसारखं होईल असं मी सांगणार नाही. ऑपरेशनने थोडं मिळेल कदाचित. आधी यायला हवं होतं.”

आलो होतो, असं मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. आईने सांगितलं, “आलो होतो, म्हणतोय.”

घरी येताना गाडीत मला खूप रडू आलं. ते काही लपवण्यासारखं नाही, म्हणून सांगतो. आता मी तुला एकट्याने लिहू शकणार नाही. यापुढे मी जे काही सांगेन ते हिच्या हातून येईल आणि तू जे लिहिशील ते आधी हिच्या हाती पडेल. मला माझं एक बोट हवं होतं. फार काही मागत नव्हतो.

पानावर अजून जागा आहे. मी आईला म्हटलं, खाली तुझं काही लिही. ती म्हणाली, “मी काय लिहू? तूच सांग.” मी म्हटलं, तू कशी आहेस ते लिही, ताईने एकाही पत्रात विचारलेलं नाही, तरी लिही. आई पेन हातात धरून किती वेळ बसली होती. मग तिने लिहिलं, ‘मी बरी आहे, मला काय धाड भरलीय.’

मी म्हटलं, खोड ते. तिने खोडलं, बघ, वर दिसतंय. मग मी सांगितलं आणि तिने लिहिलं.

थापा मारतेय. उचलताना ओरडते. कंबर गेलीय तिची, पट्टा साडीत लपवते. तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडते आणि रोज लावते. आई बरी नाही, ताई.

तुझा बोक्या